अलेक्झांड्रियाला जायचे, पण कधी?

इजिप्तच्या सहलीसाठी मराठी पर्यटक बहुधा डिसेंबर-जानेवारीचा मुहूर्त निवडतो. लक्सर आणि आस्वानचे कडक ऊन लक्षात घेता ते योग्यच आहे. मात्र त्याच सहलीला अलेक्झांड्रियाचा एक दिवस जोडला, की हिशेब चुकतो. कैरोपासून सुमारे २२० किलोमीटरवर, भूमध्य समुद्राच्या काठी वसलेल्या या शहराचे ऋतुमान उर्वरित इजिप्तहून निराळे आहे.

येथे पाऊस हिवाळ्यात पडतो. वर्षभराचा पाऊस जेमतेम २०० मिलिमीटर. मुंबईत जुलैतल्या एखाद्या दिवशीच तेवढा कोसळतो. पण तो मुख्यत्वे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, सोसाट्याच्या वाऱ्यासह येतो. या वादळांना स्थानिक लोक ‘नव्वा’ म्हणतात. आपला शेतकरी मृग-आर्द्रांवरून पावसाचा अदमास बांधतो, तसे तेथील कोळ्यांनी या वादळांचे पंचांगच मांडले आहे. नोव्हेंबरातील एका वादळाचे नाव ‘मक्नसा’, म्हणजे चक्क केरसुणी! अशा दिवसांत बंदर बंद ठेवावे लागते आणि लाटा ‘कॉर्निश’ या किनारी रस्त्यावर उसळतात. पाण्याचा निचरा हे तर शहराचे जुनेच दुखणे. २५ ऑक्टोबर २०१५ च्या अतिवृष्टीत रस्ते तुंबले, काही जण विजेच्या धक्क्याने दगावले आणि गव्हर्नरांना राजीनामा द्यावा लागला.

उन्हाळ्यात चित्र पालटते. ऑगस्टमध्ये कैरो ३५ अंशांवर तापत असताना येथे कमाल तापमान ३० अंशांच्या आसपास राहते. राजेशाहीच्या काळात इजिप्तचे सरकार उन्हाळ्यात येथेच मुक्काम हलवीत असे. मुंबई इलाख्याचे सरकार महाबळेश्वर गाठत असे, तसेच. जुलै १९५२ च्या लष्करी उठावावेळी राजा फारूक अलेक्झांड्रियात होता आणि २६ जुलैला येथूनच तो नौकेने देशाबाहेर गेला. आज सरकार येत नाही, पण कैरोकर लोटतात. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा मिळणे कठीण.

मार्च ते मे हवा सुखद असते, अडचण ‘खमसीन’ची. वाळवंटातून येणारा हा उष्ण, धुळीचा वारा एक-दोन दिवसांत आकाश पिवळे करून टाकतो आणि पाराही ४० अंशांपर्यंत चढवू शकतो. शाळांच्या सुट्टीमुळे मे महिनाच सोयीचा असणाऱ्यांनी महिन्याचा उत्तरार्ध निवडावा. तोवर या वाऱ्याचा जोर ओसरू लागतो.

तरीही सर्वांत उत्तम काळ सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. गर्दी परतलेली असते, तर उन्हाळाभर तापलेला समुद्र अद्याप कोमट असतो. ऑक्टोबरात येणारी दिवाळी त्या दृष्टीने सोयीची. ती नोव्हेंबरात असेल, तर ‘केरसुणी’ची तारीख विचारूनच आरक्षण करावे.

डिसेंबरशिवाय गत्यंतर नसेल, तर एकाऐवजी दोन दिवस हाताशी ठेवावेत. पाऊस असल्यास २००२ मध्ये उघडलेले भव्य ग्रंथालय आणि २०२३ मध्ये पुन्हा खुले झालेले ग्रीक-रोमन संग्रहालय पाहावे. प्राचीन दीपस्तंभाच्या जागी उभा असलेला कायतबे किल्ला मात्र उघडीप मिळाली, की तत्काळ गाठावा.