जुनाट पडसे आणि फुग्याचा उपचार

वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव हे काळ्या जमिनीचे गाव. सोयाबीन, तूर आणि कापूस ही तेथली पिके. आश्विन-कार्तिकात सोयाबीनची मळणी सुरू झाली, म्हणजे यंत्रातून उडालेली कुटाराची बारीक धूळ खळ्यावरून उठते ती थेट घराच्या ओसरीपर्यंत येते. तिच्या पाठोपाठ कापसाची वेचणी आणि पुढे तुरीची मळणी. बांधावर व पडीक जागेत गाजरगवत फुललेले असतेच. हे परदेशी तण आपल्या देशात प्रथम १९५६ साली पुण्यास आढळल्याची नोंद आहे. तेथून ते गावोगाव पसरले आणि त्याच्या परागांनी असंख्य नाकांना शिंकावयास लावले. अशा हवेत ज्याचे नाक मुळातच हळवे, त्याचे पडसे दिवाळीला जडते ते होळी आली तरी हटत नाही.

प्रथम त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. ओव्याची धुरी होते, वाफारा होतो, दुकानातून नाक मोकळे करणारे थेंब येतात. पुढे नाक एकसारखे चोंदलेले राहते, घट्ट पिवळट शेंबूड नाकातून व घशात उतरतो, गाल जड होतात, जेवणाचा वास येईनासा होतो. मग कारंज्यास, तेथून अकोल्यास किंवा अमरावतीस दाखविणे होते. तेथे कोणीतरी सांगतो की, आता नाकात फुगा घालून रोग बरा करतात. चिरफाड नाही आणि दोन दिवसांत माणूस कामाला लागतो. त्याच रात्री पुण्या-मुंबईच्या थोरल्या भावास फोन जातो : “दादा, हा फुगा घालून घ्यावा काय?” ह्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर फुगा काय करतो ह्याबरोबरच तो काय करू शकत नाही, हेही ठाऊक असावयास हवे.

“मला सायनस आहे” असे पुष्कळ लोक म्हणतात. वस्तुतः सायनस प्रत्येकालाच असतात आणि ते असणे हा काही रोग नव्हे. चेहऱ्याच्या हाडांत नाकाभोवती ज्या हवेने भरलेल्या पोकळ्या असतात त्यांचे हे नाव. कपाळाच्या हाडात एक जोडी, गालांच्या हाडांत एक जोडी, नाकाच्या अगदी मागे खोलवर एक जोडी, आणि दोन डोळ्यांच्या मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या लहान लहान कोठड्यांचे दोन समूह. ह्या पोकळ्यांच्या अस्तरास सूज येऊन ती बारा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकली, म्हणजे वैद्यकशास्त्र त्यास जुनाट सायनसदाह म्हणते.

गालातल्या पोकळीची रचना मोठी चमत्कारिक आहे. प्रौढ माणसात तीत सुमारे पंधरा मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे पाणी मावेल. तिचे नाकात उघडणारे भोक मात्र जेमतेम दोन-चार मिलिमीटरांचे, आणि तेही तळाशी नसून वर, जवळजवळ छताशी! एखाद्या रांजणास तोटी बसवावयाची ती कोणी गळ्याशी बसवावी, तसा हा प्रकार. असा रांजण आपोआप रिकामा व्हावयाचा नाही. पण शरीराने त्याची तजवीज केली आहे. पोकळीच्या अस्तरावर अतिसूक्ष्म केसांची लव असते. हे केस सेकंदास दहा-पंधरा वेळा हलतात आणि आपल्यावर पसरलेला चिकट स्राव, त्यात अडकलेल्या धुळीसह, भिंतीवरून चढवीत चढवीत त्या वरच्या भोकाकडे नेतात. मुंग्यांची रांग साखरेचा कण घेऊन भिंत चढते, त्याची ह्याने आठवण व्हावी. ह्या रांगेची वाट ठरलेली आहे; सोयीचे दुसरे भोक पाडून दिले तरी ती तिकडे वळत नाही.

शस्त्रवैद्यांना ही गोष्ट फार उशिरा उमगली. लिओनार्दो दा विंची ह्याने १४८९ च्या सुमारास कवटी कापून गालातली पोकळी रेखाटली होती. १६५१ साली नथानिएल हायमोर ह्या इंग्रज वैद्याने तिचे सविस्तर वर्णन केले. १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉल्डवेल ह्याने व १८९७ मध्ये पॅरिसच्या ल्यूक ह्याने एक शस्त्रक्रिया सुचविली. वरच्या ओठाखाली हिरडीवर छेद घ्यावयाचा, गालाचे हाड फोडावयाचे, आतले सुजलेले अस्तर खरवडून काढावयाचे आणि नाकात खालच्या बाजूस नवे भोक पाडावयाचे, अशी तिची रीत होती. रांजणास तळाशी तोटी बसविली म्हणजे काम झाले, हा तिच्यामागचा सरळ हिशेब. कित्येकांना तिने गुणही आला. परंतु कित्येकांचा गाल बधिर राहिला, आणि खरवडलेल्या अस्तराबरोबर ती केसांची लवही गेल्यामुळे स्राव वाहून नेणारे कोणी उरले नाही. हिशेब सरळ होता, पण शरीराचा नव्हता.

पुढे ऑस्ट्रियातील ग्रात्झ येथे वॉल्टर मेसरक्लिंगर ह्याने वर्षानुवर्षे नाकात दुर्बीण घालून स्राव कोणत्या वाटेने वाहतो ह्याचे निरीक्षण केले. गालाची व कपाळाची पोकळी बिघडते त्याचे मूळ बहुधा त्या पोकळीत नसून तिच्या दाराशी असलेल्या अरुंद बोळात असते, असे त्यास दिसून आले. बोळ मोकळा केला की आतले सुजलेले अस्तर न खरवडताही हळूहळू पूर्ववत होते. हॅरॉल्ड हॉपकिन्स ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने काचेच्या दांड्यांची नवी दुर्बीण रचली होती, तीमुळे हे पाहणे सुलभ झाले. ह्या पायावर जी शस्त्रक्रिया उभी राहिली ती दुर्बिणीची. अमेरिकेत डेव्हिड केनेडी ह्याने १९८५ च्या सुमारास तिचा प्रसार केला, आणि आज आपल्याकडील मोठ्या शहरांत तीच रूढ आहे. बाहेरून छेद नाही, चेहऱ्यावर व्रण नाही. मात्र बोळातील हाडाचे पातळ पापुद्रे व काही अस्तर कापून काढावे लागते, आणि ते जेथे कापावयाचे तेथून डोळा व मेंदू ह्यांच्यामध्ये कागदासारख्या हाडाचाच काय तो पडदा असतो.

ते तरी कापावे कशाला, दार नुसते रुंद करता येणार नाही काय, ह्या विचारातून फुगा आला. ही कल्पना नाकाच्या वैद्यांची नव्हे. ती रक्तवाहिन्यांच्या वैद्यांकडून उसनी घेतलेली. टॉमस फोगार्टी ह्याने १९६३ साली नळीच्या टोकास फुगा बसवून रक्तवाहिनीतील गुठळी ओढून काढण्याची रीत प्रसिद्ध केली. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग ह्याने जाग्या माणसाच्या हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने रुंद केली. हृदयाच्या ‘अँजिओप्लास्टी’चे नाव आज शहरातल्या घराघरांत ठाऊक आहे. तीच युक्ती नाकात वापरण्याच्या साधनास अमेरिकेत २००५ साली परवानगी मिळाली, आणि २००६ साली पहिल्या दहा रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध झाला.

कृती अशी की, औषधाने नाक बधिर करतात. गरज वाटल्यास रुग्णास पूर्ण भूल देतात. दुर्बिणीच्या नजरेखाली एक वाकडी नळी पोकळीच्या दाराजवळ नेतात आणि तिच्यातून केसासारखी लवचीक तार आत सरकवितात. पूर्वी ती तार योग्य जागी पोहोचली की नाही हे क्ष-किरणांनी पाहावे लागे. आता तारेच्या टोकासच दिवा असतो. तार कपाळाच्या पोकळीत शिरली की भुवईच्या वर कातडीतून तांबूस उजेड दिसतो, गालात शिरली की गाल उजळतो. मग तारेवरून मिटलेला फुगा दारात आणून त्यात मिठाचे निर्जंतुक पाणी दाबाने भरतात. हा दाब आठ ते बारा वातावरणांइतका असतो. मोटारीच्या चाकात हवा असते तीहून चौपट-पाचपट म्हटले तरी चालेल. फुगा पाच ते सात मिलिमीटर रुंद होतो, भोवतालचे पातळ हाड बारीक चिरा जाऊन बाजूस सरते, अस्तर बव्हंशी जाग्यावर राहते. काही सेकंदांनी फुगा रिकामा करून काढून घेतात. आत काहीही ठेवावयाचे नसते. हाड सरकताना कडकड असा आवाज जाग्या रुग्णास ऐकू येतो. तो आधी सांगून ठेवलेला बरा, नाहीतर माणूस घाबरतो.

ह्याचा गुण येतो काय? अमेरिकेत ९२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी करून, एका गटास फुगा व दुसऱ्यास दुर्बिणीची शस्त्रक्रिया, असा अभ्यास झाला. त्याचे सहा महिन्यांचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांची लक्षणे जवळजवळ सारखीच कमी झाली, आणि फुग्याच्या गटास नंतर नाकातील खपल्या काढून घेण्यासाठी फारच कमी वेळा जावे लागले. येथे दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेविल्या पाहिजेत. हा अभ्यास फुगा बनविणाऱ्या कंपनीच्या खर्चाने झाला होता. आणि त्यात घेतलेले रुग्ण निवडक, साध्या विकाराचे होते. कामरगावाहून येणारा रुग्ण त्या निवडीत बसतो की नाही, हा खरा प्रश्न आहे.

कारण फुगा दार रुंद करतो, त्यापलीकडे काही करीत नाही. डोळ्यांच्या मधल्या कोठड्यांना एकच असे दार नाही. पोळ्याच्या प्रत्येक घराचे तोंड निराळे, तेथे फुगा चालत नाही. नाकात द्राक्षासारखे मांसल कोंब लोंबत असतील तर ते फुग्याने नाहीसे होत नाहीत. पोकळीत बुरशीचा गोळा साचला असेल तर तो बाहेर काढावाच लागतो. एकाच बाजूने दुर्गंधी पू येत असेल तर वरच्या दाढेकडे पाहावे, कारण तिचे मूळ गालाच्या पोकळीच्या तळाशी भिडलेले असते. किडकी दाढ तशीच ठेवून फुगा घातल्यास पैसा गेला आणि पू राहिला, असे व्हावयाचे. आणि २०२१ साली करोनाच्या लाटेत महाराष्ट्राने जी काळी बुरशी पाहिली, तीत तर एक दिवसही दवडता येत नाही. मधुमेही माणसाचा गाल एकाएकी बधिर होणे, डोळा सुजणे, एकाचे दोन दिसणे किंवा नाकात काळी खपली धरणे, ह्यांपैकी काहीही दिसले की त्याच दिवशी मोठे इस्पितळ गाठावे.

सर्वांत मोठी फसगत होते ती डोकेदुखीत. कपाळ दुखले की ‘सायनस’, असा समज शहरात व खेड्यात सारखाच आहे. आपली डोकेदुखी सायनसची आहे अशी समजूत असलेल्या किंवा तसे निदान झालेल्या २,९९१ माणसांची तपासणी करणारा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील शेकडा ८८ जणांची डोकेदुखी अर्धशिशीच्या जातीची निघाली. अर्धशिशीतही डोळ्यांत पाणी येते व नाक चोंदते, म्हणून हा घोटाळा होतो. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ साली ह्या बाबतीत एकमताने जे निवेदन प्रसिद्ध केले त्याचा आशय हाच की, सी. टी. स्कॅनमध्ये दोष दिसल्यावाचून, किंवा निव्वळ डोकेदुखीसाठी, फुगा वापरू नये.

स्कॅन केव्हा काढावा ह्यालाही महत्त्व आहे. १९९४ साली नुकतेच साधे पडसे झालेल्या ३१ माणसांचे स्कॅन काढून पाहिले, तेव्हा २७ जणांच्या गालांच्या पोकळ्यांत दोष दिसला. बहुतेकांचा तो प्रतिजैविकांवाचून आपोआप गेला. तेव्हा ऐन पडशात काढलेल्या चित्रावरून शस्त्रक्रिया ठरविणे म्हणजे पुराच्या दिवशी नदीचे पात्र मोजणे होय. आधी दोन-तीन महिने औषध नेमाने घ्यावे, मगच चित्र काढावे. औषध म्हणजे दुकानातले ते थेंब नव्हेत. ते पाच दिवसांहून अधिक घातल्यास नाक उलट अधिकच चोंदते. डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा नाकातील फवारा रोज मारावयाचा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुवावयाचे, हा खरा पाया. नाक धुणे आपल्याकडे नवे नाही; जलनेती ती हीच. पाव लिटर पाण्यास अर्ध्या सपाट चमच्याहून किंचित कमी मीठ पुरे. पाणी मात्र उकळून कोमट केलेलेच हवे, मग ते विहिरीचे असो, बोअरचे असो की शहराच्या नळाचे. अमेरिकेत लुइझियाना प्रांतात २०११ साली न उकळलेल्या नळाच्या पाण्याने नाक धुतल्यामुळे, त्यातील एका अमीबाने मेंदूस बाधा होऊन दोघे दगावले. घशाखाली गेलेले जे पाणी निरुपद्रवी, तेच नाकाच्या छताशी जीवघेणे ठरू शकते.

तेव्हा थोरल्या भावाने फोनवर आधी विचारावे ते हे : फवारा व धुणे तीन महिने नेमाने झाले काय, दाढा पाहिल्या काय, नाकात कोंब आहेत काय, आणि स्कॅनमध्ये नेमकी कोणती पोकळी बंद दिसते. गालाची किंवा कपाळाची पोकळी बंद आहे, कोंब नाहीत, बुरशी नाही, औषध पुरते होऊनही त्रास तसाच आहे, असे उत्तर आले तर फुगा हा चांगला उपाय आहे. डोळ्यास इजा होणे किंवा मेंदूभोवतीचे पाणी गळणे हे धोके त्यातही आहेत, पण फार विरळा. फुगा एकदाच वापरावयाचा असल्याने खर्च वाढतो. विमा किंवा सरकारी योजना तो देते की नाही हे आधी विचारून घ्यावे. कोंब असतील तर दुर्बिणीची शस्त्रक्रियाच बरी, आणि काही वेळा शस्त्रवैद्य एकाच बैठकीत दोन्ही करतात.

फुगा घातल्यावर साधारण आठवडाभर जोराने नाक शिंकरू नये, शिंक आल्यास तोंड उघडून शिंकावे, ओझे उचलू नये. थोडे रक्तमिश्रित पाणी एक-दोन दिवस येते. मिठाच्या पाण्याने धुणे चालूच ठेवावे, आणि फवारा सांगितला असेल तोवर सोडू नये, कारण दार रुंद झाले तरी धुळीने हळवे झालेले अस्तर तेच असते. पुढच्या आश्विनात मळणीयंत्रापाशी उभे राहावयाची वेळ आली तर नाकातोंडावर ओला दुपट्टा घट्ट बांधावा, वारा पाठीशी घ्यावा, आणि संध्याकाळी घरी आल्यावर हातपाय धुताना नाकही धुवावे.