खालून पायाचा पेच : तीन दशकांचा मागोवा

तांबड्या मातीत ज्याची पाठ टेकली त्याची कुस्ती संपली, हा दस्तूर आपल्या इतका अंगवळणी पडलेला आहे की, पाठीवर पडलेला मल्ल तिथूनच प्रतिपक्षाचा पाय धरून लढत जिंकतो, हे मिक्स्ड मार्शल आर्ट्समधील (एमएमए) दृश्य मराठी प्रेक्षकाच्या सहजासहजी पचनी पडत नाही. या डावाची वाटचाल म्हणूनच तपासून पाहण्याजोगी आहे.

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे यूएफसी या अमेरिकन एमएमए संघटनेची पहिली स्पर्धा भरली, तेव्हा जपानच्या पँक्रेस या संघटनेत लढलेल्या केन शॅमरॉकने पॅट्रिक स्मिथला टाचेच्या पेचाने, म्हणजे हील हुकने, दोन मिनिटांच्या आत शरण आणले. त्याच रात्री जिउजित्सूच्या रॉयस ग्रेसीविरुद्ध मात्र तो पायासाठी मागे बसला आणि ग्रेसीने त्याच्या पाठोपाठ वर येऊन त्याचा गळा आवळला. डावाचे सामर्थ्य आणि त्याची जोखीम अशी एकाच रात्री दप्तरी दाखल झाली. पुढे कित्येक वर्षे जिउजित्सूच्या मातब्बर आखाड्यांत पायाच्या पेचांना दुय्यम स्थान राहिले.

खालून धरलेल्या पेचाचा सर्वांत बोलका दाखला २ फेब्रुवारी २००८ चा आहे. विद्यापीठीय कुस्तीचा अमेरिकन विजेता ब्रॉक लेसनार हा फ्रँक मीरवर ठोशांचा वर्षाव करीत होता. मीर अक्षरशः चिरडला जात होता. परंतु लेसनार त्याच्यावर उभा राहताच मीरने त्याचा पाय कवेत घेतला, मांडी आपल्या दोन्ही मांड्यांमध्ये जखडली, पाऊल छातीशी कवटाळले आणि कंबर पुढे रेटून गुडघा उलट्या दिशेने ताणला. पहिल्या फेरीच्या दीड मिनिटातच त्या अजस्र देहाला हार मानावी लागली. पुढील वर्षीच्या जुलैत लेसनारने त्याचे उट्टे काढले, आणि तेही विचारपूर्वक : छातीला छाती भिडवून, मीरला जमिनीशी खिळवून, पायाला हात घालण्याइतकी मोकळी जागाच त्याने ठेवली नाही, आणि दुसऱ्या फेरीत लढत संपविली. माझ्या दृष्टीने या दोन लढतींत या डावाचे सारे शास्त्र सामावलेले आहे. वरचा मल्ल अंतर ठेवून ठोसे मारू लागला की त्याचा पाय खालच्याच्या हाती येतो, आणि तो चिकटून राहिला की येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये जिउजित्सूचे प्रशिक्षक जॉन डॅनहर यांच्या शिष्यांनी या पेचांना जी शिस्त दिली, तिचे मर्म असे की पाऊल पिळण्यापूर्वी आपल्या पायांनी प्रतिपक्षाचा गुडघा व कंबर बंदिस्त करावी. कारण तेवढी पकड नसेल तर टाच हाती येऊनही तो फिरून निसटतो. या शिस्तीचे फळ ग्रॅपलिंगच्या स्पर्धांत भरघोस मिळाले. पण तेथे ठोसे नसतात. एमएमएत दोन्ही हात प्रतिपक्षाच्या पावलावर गुंतले की आपला चेहरा उघडा पडतो आणि त्याच्या दोन्ही मुठी मोकळ्या राहतात. २९ डिसेंबर २०१८ रोजी रायन हॉलने जमिनीवर कोलांटी घेऊन बी. जे. पेनसारख्या माजी विजेत्याला पहिल्याच फेरीत हील हुकने शरण आणले, तेव्हा आता युग बदलले असे अनेकांना वाटले. परंतु १० जुलै २०२१ रोजी तशाच कोलांट्या घेणाऱ्या हॉलला इलिया टोपुरियाने ठोशांनी निपचित केले. ११ मार्च २०२२ रोजी सिंगापुरात डॅनहर यांचा शिष्य गॅरी टोनन हाही प्रतिस्पर्धी थान लेच्या पायाशी झोंबत असतानाच ५६ सेकंदांत बेशुद्ध झाला.

याउलट ज्यांनी हा पेच वरच्याचा तोल मोडून त्याला उलथविण्यासाठी, किंवा त्याच्या घाईच्या क्षणी स्वतः उठण्यासाठी वापरला, ते पेच फसला तरी लढतीत टिकून राहतात. माझ्या मते खालच्या मल्लाने पायाचा पेच धरावा तो याच बेताने. तिथेच लढत निकाली निघाली तर तो वरचा लाभ.