मुर्ध्याच्या ग्राहकाने तक्रार कुठे आणि कशी नोंदवावी?

नवा फ्रिज महिन्यात बंद पडला आणि दुकानदार दाद देत नाही, तर मुर्ध्याच्या माणसाने धोबीतलावचे लघुवाद न्यायालय गाठून उपयोग नाही. त्याची हद्द दहिसरला संपते आणि मुर्धा गाव त्यापलीकडे, ठाणे जिल्ह्यात आहे. आपली जागा ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. दुकान मुंबईत असले तरी हरकत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

छापील फॉर्म शोधत बसू नका. साध्या कागदावर परिच्छेदांना क्रमांक देऊन लिहिलेली तक्रार चालते. विरुद्ध पक्षाचे नाव बिलावरून अक्षरशः उतरवा. दुकानाची पाटी वेगळी आणि बिलावरची कंपनी वेगळी, असे नेहमी होते. पुढे तारीखवार हकिकत, शेवटी नेमकी मागणी: पैसे परत, भरपाई, खर्च. सोबत बिल, वॉरंटी कार्ड, दुकानदाराला पाठवलेल्या पत्राची पोचपावती आणि प्रतिज्ञापत्र. वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षे. दुकानदाराच्या ‘बघतो, करतो’वर ती घालवू नका.