पोकळी आरसे हलवते

नांदेडहून हिंगोलीकडे जाताना आखाडा बाळापूर लागतं. हळदीच्या याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. त्यांच्या नळ्यांतली जवळजवळ सगळी हवा उपसायची आणि आत लेसरचा झोत सोडायचा.

हवा गेली, दिवाही विझवला, तर आत काय उरतं? काहीच नाही, असं आपण म्हणू. क्वांटम भौतिकीला ते मान्य नाही. गडद अंधारातही प्रकाशाचं क्षेत्र शून्यावर निवांत बसत नाही, त्याची थरथर चालूच असते.

ही थरथर उजेडात आणता येईल? १९७० साली जेराल्ड मूर यांनी गणितानं दाखवलं, की आरसा प्रचंड वेगानं हलवला तर निर्वात पोकळीतून खरेखुरे फोटॉन निघतील. पण प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करत काच हलवणार कशी? स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या गटानं काच बाजूलाच ठेवली. अतिवाहक मंडलातला विद्युत ‘आरसा’ त्यांनी सेकंदाला अब्जावधी वेळा मागेपुढे केला आणि पोकळीतून मायक्रोवेव्हचे फोटॉन जोडीजोडीनं बाहेर पडले. साल होतं २०११. ऊर्जा मात्र फुकटची नव्हती, ती आरसा हलवणाऱ्या यंत्रणेनंच पुरवली.

लायगोत याच्या उलट घडतं. तिथे पोकळीच भुजांतले आरसे हलवते! यंत्राच्या ज्या तोंडातून प्रकाश बाहेर येऊ नये अशी रचना असते, तिथूनच ही थरथर आत शिरते. लायगोच्या अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन वेधशाळेत या क्वांटम गोंगाटानं ४० किलोचे आरसे प्रोटॉनच्या व्यासाच्या जेमतेम एक लाखांश भागाइतके हलतात, हे २०२० मध्ये मोजून दाखवलं गेलं.

उपाय तितकाच अजब आहे. खास स्फटिकाच्या मदतीनं पोकळीच ‘दाबायची’. पोतं एका बाजूनं दाबलं की दुसरीकडे फुगतं. तसंच प्रकाशाच्या कलेतली (फेजमधली) अनिश्चितता घटवली की तीव्रतेतली वाढते. २०१९ पासून लायगोच्या निरीक्षणांत हे तंत्र वापरलं जातं. त्यामुळे अधिक दूरच्या कृष्णविवरांच्या टकरींतून निघालेल्या लहरी ‘ऐकू’ येतात.

बाळापूर-कळमनुरीच्या विज्ञान शाखेतल्या मुलामुलींनो, लेसर, निर्वात तंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्स आत्तापासून मन लावून शिका. असं यंत्र चालवायला हीच विद्या लागते.