शाळिग्रामाचा चिखल आणि धोशाचे दाणे

भोपाळजवळच्या मिसरोदच्या काळ्या मातीखाली दख्खनच्या लाव्ह्याचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा पाषाण आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना विंध्य वालुकाश्म असून, या दोहोंमधली ज्युरासिक काळाची, म्हणजे सुमारे २० ते १४.५ कोटी वर्षांपूर्वीची, पाने भोपाळ परिसरात सापडत नाहीत. तरीही त्या काळच्या समुद्राचा एक तुकडा तिथल्या मराठी देवघरांत रोज ताम्हनात न्हातो आणि कार्तिकात तुळशीचा नवरदेव होतो. कारण नेपाळातल्या काली गंडकीचा शाळिग्राम हा बहुधा अमोनाइट, म्हणजे माकळीच्या दूरच्या गोतातला, गुंडाळलेल्या शंखाचा, आता नामशेष झालेला जीव असतो.

शाळिग्रामाचे चक्र ज्याने त्याने पाहिले, पण ते ज्या चिखलात घडले त्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. त्या चिखलाच्या, हिमालयात स्पितीपासून नेपाळपर्यंत पसरलेल्या काळ्या शेलमध्ये, म्हणजे पापुद्र्यांनी सुटणाऱ्या पंकाश्मात, सेंद्रिय द्रव्य टिकून राहिले, ते तळाच्या गाळात प्राणवायू तुटपुंजा असल्यामुळे. शंखातला मऊ देह कुजताना भोवतालच्या पाण्याचे रसायन बदलले, चुना आणि लोहगंधकाचे खनिज (पायराइट) शंखाभोवती साकळले, आणि वरच्या गाळाचे ओझे वाढण्याआधीच गोटा घट्ट झाला. म्हणून आजूबाजूचे कवच चपटे होऊनही गोट्यातला अमोनाइट फुगीरच राहिला. परंपरा ज्याला वज्रकीटाने कोरलेले म्हणते, ते हे काम असून, क्वचित दिसणारी सोनेरी झाक त्याच पायराइटची असते.

तुटपुंज्या प्राणवायूवरून युरोपात गाजलेले १८.३ कोटी वर्षांपूर्वीचे प्राणवायू-दुष्काळाचे प्रकरण आठवते, पण ते ज्युरासिक समुद्राचाच गाळ असलेल्या कच्छच्या संदर्भात लांबवण्यात अर्थ नाही, कारण तिथला सागरी गाळच त्यानंतर साचू लागला. कच्छात खरी मौज आहे ती धोसा ऊलाइटची. राजगिऱ्याएवढ्या लोहयुक्त दाण्यांचा हा तांबूस-पिवळा खडक फोडून भिंगाखाली धरला, की प्रत्येक दाण्यात मध्यावर एखादा कण आणि त्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. नद्यांचा गाळ जवळजवळ बंद झालेल्या उथळ समुद्रात दाणे दीर्घकाळ घोळत राहिल्याशिवाय असा खडक सहसा होत नाही, आणि त्यांतले लोह बहुधा उष्ण-दमट हवेत झिजलेल्या जमिनीकडून आलेले असते. याच थरातले मायाइटीस कुळातले अमोनाइट मादागास्कर आणि हिमालयातही आढळतात, युरोपात मात्र नाहीत. म्हणजे गोंडवन या प्राचीन महाखंडाच्या या किनाऱ्याची प्राणिसृष्टी वेगळी होती.

स्पिती आणि कच्छ या दोन्ही प्रदेशांत फिरलेला भूवैज्ञानिक फर्डिनांड स्टोलिक्झ्का १८७४ मध्ये लडाखात वारला. त्याने कच्छात गोळा केलेल्या अमोनाइटांचे वर्णन पुराजीवशास्त्रज्ञ वागेनने त्याच दशकात प्रसिद्ध केले. पुढे अमोनाइटांच्या जातींवरून थरांचे वय ठरवण्याचे काम इतके मोठे झाले, की काही पंडितांना खडक म्हणजे शंखांची खोकी वाटू लागली. त्यांची जागा आज ज्यांनी घेतली आहे, ते बेलेम्नाइट या माकळीसारख्या नामशेष जीवाच्या, बंदुकीच्या गोळीसारख्या दांड्यातील जड आणि हलक्या ऑक्सिजनचे प्रमाण मोजून समुद्राचे तापमान सांगतात. १९५१ मध्ये हॅरॉल्ड युरी आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या एकाच दांड्यात तीन उन्हाळे आणि चार हिवाळे वाचले, हे यश निर्विवाद आहे. परंतु पाण्याचा खारटपणा, ध्रुवांवरचे बर्फ आणि दांडा पुढे बदलला असणे यांनीही तो आकडा हलतो, शिवाय भारताचा भूखंड स्वतःच सरकत होता, हे विसरून ‘समुद्र थंड झाला’ असा निकाल देणारे निबंध वाढत चालले आहेत. गाळातील केओलिन माती दमट हवेची साक्ष देते, पण तिची चाचणी आज अनेकांना जुनाट वाटते आणि हातोडा, भिंग घेऊन उभा कडा मोजणारे विद्यार्थी दुर्मीळ झाले आहेत.

अशा प्रत्यक्ष पाहणीचे मोल भोपाळजवळच दिसले. मिसरोदवरून पुढे जाणाऱ्या रस्त्यावरच्या भीमबेटकात २०२१ मध्ये डिकिन्सोनिया हा अतिप्राचीन जीव सापडल्याचे जाहीर झाले. पुन्हा जाऊन पाहणाऱ्यांना, २०२३ मध्ये, तिथे मधमाश्यांचे झडलेले पोळे आढळले.