भुईमुगाच्या गाठीतले जांभळे-गुलाबी गणित

जळगाव-धुळ्याकडच्या भुईमुगाचं झाड फुलोऱ्यात असताना उपटा आणि मुळं धुवा. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. नखाने एक फोडली की आत लालसर रंग. हा लेगहिमोग्लोबिनचा रंग, म्हणजे हवेतला नायट्रोजन पिकाला देणारे रायझोबियम गटातले जिवाणू कामावर आहेत. गाठ आत हिरवट असेल, तर काम थांबलेलं.

जिवाणू बघायचे तर गाठ थेंबभर पाण्यात काचपट्टीवर चिरडा, पातळ पसरा, सुकू द्या आणि पट्टी ज्योतीवरून दोन-तीनदा झरकन फिरवा. मग क्रिस्टल व्हायोलेट, त्यावर आयोडीन, दोन्ही साधारण मिनिटभर. पुढे अल्कोहोल, आणि खरी परीक्षा इथेच! काही सेकंद जास्त झाले की जाड भिंतीच्या जिवाणूंचाही जांभळा रंग धुऊन जातो, कमी पडले तर सगळेच जांभळे. शेवटी सॅफ्रानिन. ही पद्धत डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी 1884 मध्ये मांडली.

पट्टीवर तेलाचा थेंब टाकून 100 पट भिंग लावा. रायझोबियमची भिंत पातळ, म्हणून ते गुलाबी. मातीत किंवा बशीत वाढवले तर काड्यांसारखे, भुईमुगाच्या गाठीत मात्र फुगून गोलसर. नवख्याला वाटतं, पट्टी बदलली की काय. दह्याचा ठिपका शेजारी रंगवून बघा: तिथे जांभळ्या काड्या आणि मण्यांच्या माळा.