शर्यतीनंतरचा घोडा

वसईच्या पट्ट्यात, गिरीजसारख्या गावी, वाडीत आणि शेतात राबणाऱ्या माणसाला दोन भये पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. पावसाळ्यात गवतात पाय पडावा आणि खाली साप असावा, हे एक. गंजलेला खिळा किंवा विळा लागून धनुर्वात व्हावा, हे दुसरे. या भयांचा रेसच्या घोड्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो समजण्यासाठी पुण्याच्या एका धनिक पारशी घराण्याची हकिकत पाहणे उपयोगी ठरेल.

सायरस पूनावाला यांचा जन्म १९४१ सालचा. घराण्याने १९४६ मध्ये शर्यतीच्या घोड्यांची पैदास सुरू केली. रेस हा श्रीमंतांचा शौक. मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ पासून गजबजलेले, आणि त्या मैदानावर ज्याचा घोडा पहिला येई त्याच्या नावाचा बोलबाला होई. परंतु घोडा दोन वर्षांचा होताच धावू लागतो आणि काही हंगामांतच त्याची धाव संपते. आयुष्य मात्र वीस-पंचवीस वर्षांचे. मग उरलेल्या आयुष्याचे काय करावयाचे?

पूनावालांच्या पागेतील असे काही घोडे मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेकडे जात असत. तेथे त्यांचे काय होई, हे जरा समजून घेऊ. विषाची अगदी अल्प मात्रा घोड्याला टोचावयाची आणि ती हळूहळू वाढवावयाची. घोड्याचे शरीर त्या विषाशी झुंजणारी द्रव्ये, म्हणजे प्रतिविष, स्वतःच तयार करते. मग घोड्याचे थोडे रक्त काढून त्यातील पिवळसर द्रव वेगळा करतात, आणि तो शुद्ध केला की औषध होते. या अवजड जनावरात चाळीसएक लिटर रक्त असते. म्हणून हे काम सशाकडून न होता घोड्याकडून होते. रक्तातील या शक्तीचा शोध १८९० मध्ये बेरिंग व कितासातो यांनी लावला, आणि १९०१ चे वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक बेरिंगना मिळाले.

तरुण सायरस यांना रेसच्या धंद्याचे भवितव्य धूसर दिसू लागले होते. मोटारी बनवाव्यात असेही त्यांच्या मनात येऊन गेले. परंतु त्याला लागणारे भांडवल आवाक्याबाहेरचे होते. तेव्हा ध्यानात आले, की जो घोडा आपण दुसऱ्यास देऊन टाकतो त्याच्या रक्तातच एक उद्योग आहे. १९६६ मध्ये पुण्याजवळ हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. आरंभ धनुर्वातावरील प्रतिविषाने झाला. पुढे सर्पविषावरील औषध आले. घटसर्प, डांग्या खोकला, गोवर यांच्या लसी आल्या. २०१० मध्ये आफ्रिकेतील मेंदूज्वरावर अर्ध्या डॉलरहून कमी किमतीची लस येथूनच गेली, आणि २०२१ मध्ये कोव्हिशिल्ड घरोघर पोहोचली.

यात केवळ परोपकार पाहणे भाबडेपणाचे होईल. हा धंदा होता, आणि त्याने अपार संपत्ती दिली. परंतु माल स्वस्त ठेवून पुष्कळ विकावा, या हिशोबात गरिबाचे हित आणि धनिकाचा नफा एका वाटेने चालले, हेही खरे. संपत्ती कशी मिळाली याबरोबरच ती कोणाच्या उपयोगी पडली, हे विचारल्याशिवाय श्रीमंताचे चरित्र पुरे होत नाही.

घोड्याचे ऋणही विसरून चालणार नाही. आज धनुर्वाताचे नेहमीचे इंजेक्शन घोड्याच्या रक्तापासून बनत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे औषध मात्र आपल्या देशात अजूनही घोड्याच्याच रक्तातून येते. सुया सोसणाऱ्या त्या मुक्या जनावराला चांगले खाणे, विश्रांती आणि दया मिळणे हा त्याचा हक्क आहे.

आपल्या बाजूचे कर्तव्य याहून सोपे आहे. साप चावला, तर मांत्रिकाच्या दारी वेळ घालवू नये. जखम कापू नये, चोखू नये. माणसाला स्थिर ठेवून तडक रुग्णालय गाठावे. कुठल्या तरी घोड्याने आपल्यासाठी रक्त दिलेले असते. ते वेळेवर घेणे एवढेच आपल्या हाती आहे.